उरलेल्या गोळ्या आणि तीन मिलिमीटरचे शहाणपण

४ जुलै १९२५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात गुरे-घोडी राखणारा एक तरुण आपल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमधून बार काढून सण साजरा करत होता. एका बाराला नेहमीपेक्षा वेगळा धक्का बसला. त्याने हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिले, तर गोळ्या ठेवायच्या फिरत्या सिलिंडरचा वरचा भाग उडून गेला होता आणि त्यावरची पोलादी पट्टीही जागेवर नव्हती. तो स्वतः थोडक्यात वाचला. त्याचे नाव एल्मर कीथ (१८९९-१९८४). पुढे रिव्हॉल्व्हर या विषयावर अमेरिकेत सर्वाधिक वाचला गेलेला लेखक म्हणून तो ओळखला जाणार होता.

त्या दिवशी त्याच्या काडतुसात काय होते? रायफलसाठी ओतलेली, सुमारे ३०० ग्रेन वजनाची जड शिशाची गोळी, आणि तिच्या मागे काळ्या दारूचा भरगच्च बार. त्या रिव्हॉल्व्हरची नेहमीची गोळी होती २५५ ग्रेनची. ग्रेन हे माप आपल्याकडे कुणी वापरत नाही. पण इंग्रजी अमदानीतला सरकारी तोळा १८० ग्रेनचा होता, हे जुन्या सराफांना ठाऊक असते. त्या हिशेबाने नेहमीची गोळी दीड तोळ्याला थोडी कमी आणि कीथची गोळी पावणेदोन तोळ्यांच्या जवळपास. फरक पाव तोळ्याचा! एवढ्या फरकाने पोलाद फाटेल, असे कुणाला वाटणार नाही. मुळात हाच या लेखाचा विषय आहे.

निमित्त माझ्या मामेभावाचे. तो बरीच वर्षे अमेरिकेत आहे. तिथे परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरणे हा लाखो लोकांचा कायदेशीर छंद आहे. त्याच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. त्यांच्या गॅरेजमध्ये हाताने ओतलेल्या जड गोळ्यांचे डबे निघाले. घरच्यांनी ते आणखी एका नेमबाज मित्राला देऊन टाकले, आणि त्या मित्राचा प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. “भाईजान, तुम्ही जुन्या गोष्टी वाचत असता. इतक्या गोळ्या फेकून द्यायच्या का? रिव्हॉल्व्हरला झेपेल असे काही प्रमाण असेलच ना?”

इथे स्पष्ट करायला हवे की, भारतात हा छंद कुणी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे काडतूस येते ते मुख्यतः सरकारी कारखान्यातून आणि परवान्यावर नोंदलेल्या संख्येतच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून हेच काम करतो आहे. त्यामुळे या लेखात दारूचे एकही प्रमाण मी देणार नाही. पण ‘सुरक्षित प्रमाण’ नावाची गोष्ट माणसाला सापडली कशी, हा इतिहास मात्र फार बोलका आहे. तो बंदुकीपुरता मर्यादित नाही.

साचा, शिसे आणि काटकसर

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. एकदा बार काढला की टोपी, दारू आणि गोळी संपते. पितळेची पुंगळी मात्र शाबूत राहते. आणि चारही भागांत सगळ्यात महाग तीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुंगळीची काडतुसे सर्रास झाली, तेव्हा दूरच्या वस्त्यांवर राहणाऱ्या शिकाऱ्यांनी आणि गुराख्यांनी साहजिकच विचार केला की पुंगळी पुन्हा भरता येते, तर नवे काडतूस विकत का घ्यायचे? १८८४ मध्ये जॉन बार्लो याने कनेक्टिकट राज्यात ‘आयडियल’ नावाची कंपनी काढली आणि गोळी ओतायचे साचे, पुंगळी भरायची अवजारे विकायला सुरुवात केली. अवजारांसोबत माहितीपुस्तिकाही निघू लागल्या. १९२५ मध्ये ही कंपनी लायमन या कंपनीने विकत घेतली.

गोळी ओतणे हे घरगुती काम होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर लोखंडी भांड्यातही ते होते. नुसते शिसे फार मऊ असते, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळायचे. गंमत म्हणजे हेच तीन धातू छापखान्यात असत. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. आपल्याकडे हाताने जुळवायच्या खिळ्यांचा धातूही याच घराण्यातला. पुढे ऑफसेट छपाई आली, लायनोटाइप भंगारात निघाले, आणि अमेरिकेत वर्तमानपत्रांच्या कितीतरी ओळी वितळून गोळ्या झाल्या.

म्हणजे या छंदाचा पाया काटकसरीचा आहे. भंगार शिसे, जुनी पुंगळी, घरचा साचा. काही वाया घालवायचे नाही, ही वृत्ती चांगलीच. पण काटकसरी माणसाच्या मनात एक प्रश्न हळूच उलटा होतो. ‘या रिव्हॉल्व्हरला कोणती गोळी चालेल?’ याऐवजी तो विचारू लागतो, ‘या उरलेल्या गोळीला चालवून घेईल असे काही जमवता येईल का?’ पहिल्या प्रश्नात मर्यादा पोलाद ठरवते. दुसऱ्यात आपली इच्छा.

काळी दारू चूक झाकत होती

कोल्टचे ते प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर १८७३ चे. त्याचे ‘४५ कोल्ट’ काडतूस त्याच काळातले. ४५ म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागात. त्या वेळी दारू एकच होती, सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू. पुंगळी तोंडापर्यंत भरली तरी त्यात साधारण ४० ग्रेनच मावत असे. अमेरिकी लष्कराला तेवढाही बार जास्त वाटला. लष्करी काडतुसात तो कमी केला गेला. चुकून दुप्पट बार भरण्याची शक्यताच नव्हती, कारण जागाच नव्हती. भरणाऱ्याचा हात चुकला तरी पुंगळीचे माप त्याला आवरत होते.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच लष्कराने तिच्यासाठी नवी रायफल काढली. जगभराच्या शस्त्रांचा नकाशा बदलला. नव्या दारूत तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त जोर होता. याचा दुसरा अर्थ असा की, जुन्या मोठ्या पुंगळीत तिची चिमूटभरच पुरत असे. उरलेली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत आणखी एक चिमूट सहज मावते, तिसरीही मावते. पुंगळी आता कुणाला आवरत नव्हती. कोल्ट कंपनीने आपल्या त्या रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूसाठी हमी द्यायला १९०० साल उजाडले. पण त्याआधीची हजारो रिव्हॉल्व्हरे लोकांच्या पेटीत तशीच होती, आणि नवे काडतूस त्यांत बिनतक्रार शिरत होते.

वजन पाव तोळा, दाब किती?

आता जड गोळीकडे येऊ. घरातला प्रेशर कुकर आठवा. शिट्टीचे वजन वाढवले तर वाफ उशिरा सुटेल आणि तोवर आतला दाब वाढत राहील. काडतुसात गोळी हीच शिट्टी. ती जड असेल तर जागची हलायला वेळ घेते. तेवढ्यात दारू जळत असते आणि दाब चढत असतो. बिनधुराच्या दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून इथे त्रैराशिक चालत नाही. गोळी सहाव्या हिश्शाने जड झाली म्हणजे दाबही सहाव्या हिश्शानेच वाढेल, असा हिशेब मांडणारा माणूस फसतो.

दुसरी अडचण लांबीची. गोळीचा व्यास वाढवता येत नाही, नळीचे माप ठरलेले असते. त्यामुळे जादा वजन लांबीत जाते. पुढच्या बाजूला ही लांबी फार वाढवता येत नाही, नाहीतर गोळीचे नाक सिलिंडरबाहेर येईल आणि तो फिरणार नाही. मग गोळी मागे, पुंगळीच्या आत खोल बसते. दारूसाठी उरलेली जागा कमी होते. कुकरची शिट्टी जड केली आणि वर कुकरही लहान केला, असा हा प्रकार.

तिसरी गोष्ट धक्क्याची. जड गोळीचा धक्का मोठा. एक बार निघताना बाकीच्या घरांतली काडतुसे रिव्हॉल्व्हरबरोबर मागे येतात, पण त्यांच्या तोंडाशी बसलेल्या जड गोळ्या आपल्या जागीच राहू पाहतात. पुंगळीचे ओठ नीट वळवून गोळी पकडली नसेल तर ती थोडी थोडी पुढे सरकते आणि सिलिंडर अडवते.

आणि चौथी, नावांची फसवणूक. ‘४५’ लिहिलेली रायफलची गोळी आणि ‘४५’ लिहिलेली रिव्हॉल्व्हरची गोळी यांचा व्यास एकच नसतो. रायफलची गोळी इंचाच्या काही हजारांश भागांनी जाड असते. ‘४४’ म्हणवणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ इंचाच्या आसपास असते आणि ‘३८ स्पेशल’ची ०.३५७ च्या आसपास. डब्यावरचे नाव आणि आतले माप यांच्यावर एकदम विश्वास ठेवणे धोक्याचे.

स्फोटानंतर कीथने काय केले

रिव्हॉल्व्हर फुटल्याची गोष्ट कीथला लपवता आली असती. त्याने ती लपवली नाही. काय भरले होते आणि काय फुटले हे त्याने लिहून जाहीर केले. त्याच्या भावी कीर्तीची सुरुवात एका फसलेल्या बारातून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे म्हणजे त्याने गोळीचा हट्ट सोडला आणि पोलादाकडे पाहिले. कोल्टच्या सिलिंडरचा बाहेरचा घेर ठरलेला. त्यात ४५ च्या गोळीसाठी सहा मोठी भोके पाडली की मधली भिंत पातळ उरते. त्याच घेरात थोडी लहान भोके पाडली तर भिंत जाड राहते. १९०७-०८ च्या सुमारास आलेले ‘४४ स्पेशल’ हे काडतूस त्याने याच कारणासाठी निवडले. जोर हवा होता, पण आधी भिंत जाड हवी होती. त्याने सुमारे २५० ग्रेनच्या गोळीचा आकार स्वतः आखला आणि लायमन कंपनीने त्याचा साचा बनवला. तो साचा आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. १९२९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात त्याने आपल्या रिव्हॉल्व्हरवर ‘द लास्ट वर्ड’ हा गाजलेला लेख लिहिला. शीर्षक ‘अखेरचा शब्द’ असले तरी तो पुढे पंचवीसेक वर्षे याच विषयावर लिहीत राहिला.

पण कीथकडे दाब मोजायचे यंत्र नव्हते. पुंगळी सहज बाहेर येते का, टोपी किती चपटी होते, यावरून तो अंदाज बांधायचा. अनुभवी माणसाचा अंदाज मोलाचा असतो, पण तो त्याच्यापुरता असतो. त्याचे प्रमाण वाचून दुसऱ्याने आपल्या जुन्या, झिजलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरले तर जबाबदार कोण?

मोजणारे लोक

या प्रश्नावर काम करणारे लोक कीथपेक्षा कमी प्रसिद्ध आहेत. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ चे. तिथे नवी नळी मुद्दाम जास्त बार भरून तपासायची आणि टिकली तरच शिक्का मारायचा, ही पद्धत. १८६० च्या दशकात अँड्र्यू नोबल या ब्रिटिश संशोधकाने तांब्याचा छोटा तुकडा दाबाखाली किती चेपतो, यावरून नळीतला दाब काढण्याची रीत आणली. ती साधी होती, पण शंभर वर्षे पुरली. १९२६ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या कारखानदारांनी एक संस्था उभारली आणि प्रत्येक काडतुसासाठी कमाल दाबाचा आकडा ठरत गेला.

हे आकडे एकदा शेजारी मांडून पाहावेत. ४५ कोल्टची मर्यादा दर चौरस इंचाला १४,००० पौंड. ४४ स्पेशलची १५,५००. मोटारीच्या चाकात आपण साधारण ३२ भरतो. म्हणजे सगळ्यात ‘सौम्य’ रिव्हॉल्व्हरमध्येही चाकाच्या चारशेपट दाब असतो. आणि ४४ मॅग्नमची मर्यादा? ३६,०००. ४४ स्पेशल आणि ४४ मॅग्नम या दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, पण दाब दुपटीहून जास्त.

तीन मिलिमीटर

इथे मला या इतिहासातली सर्वात समजूतदार गोष्ट दिसते. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ३८ स्पेशलच्याच जाडीचे, पण दुप्पट जोराचे ‘३५७ मॅग्नम’ काढले. १९५५ च्या अखेरीस ४४ मॅग्नम तयार झाले. त्यामागे कीथचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. दोन्ही वेळा पुंगळी जुन्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवली गेली. दारूला जास्त जागा हवी म्हणून ही लांबी वाढवलेली नव्हती. नवे जोरदार काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये, हा तिचा उद्देश होता. उलट जुने काडतूस नव्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये बिनधोक चालते.

सूचना लिहून भागले नसते का? नसते. सूचना वाचणारा माणूस आज असतो, उद्या नसतो. आजोबांचे रिव्हॉल्व्हर नातवाकडे जाते, काडतुसांचा डबा तिसऱ्याकडेच जातो. तीन मिलिमीटरचे पितळ मात्र कुणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसते.

४५ कोल्टच्या नशिबी ही लांबी आली नाही. १९७१ मध्ये रुगर कंपनीने याच काडतुसासाठी बरेच मजबूत रिव्हॉल्व्हर काढले. हौशी लोक त्यात ३०० ग्रेनच्या गोळ्या मोठ्या दाबाने चालवू लागले. माहितीपुस्तिकांना मग एकाच काडतुसासाठी दोन वेगळी प्रकरणे छापावी लागली, एक सर्वांसाठी आणि एक फक्त मजबूत शस्त्रांसाठी. पण काडतूस दिसायला तेच आणि मापालाही तेच. १८७३ च्या नमुन्यातले नाजूक रिव्हॉल्व्हर आणि त्याला फोडू शकणारे काडतूस यांच्यामध्ये आता पितळ उभे नाही. डब्यावरची चिठ्ठी तेवढी आहे.

हळू जाणारी गोळी

जड गोळी म्हणजे धोकाच, असेही नाही. ब्रिटिश लष्कराने १९२० नंतर ३८ च्या छोट्या पुंगळीत २०० ग्रेनची जड शिशाची गोळी निवडली होती. तिचा वेग सेकंदाला सव्वासहाशे फुटांच्या आसपास, म्हणजे कमीच. वजन वाढवले, पण वेगाचा हट्ट धरला नाही. त्यामुळे हलक्या रिव्हॉल्व्हरला ती झेपली. पुढे मऊ शिशाची गोळी १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात बसते का, ही शंका आली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिच्या जागी १७८ ग्रेनची, वरून कठीण धातूचे आवरण असलेली गोळी आणली गेली. त्या जाहीरनाम्याच्या मागे कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या गोळ्यांचाच वाद होता.

मात्र ‘हळू’ला सुद्धा तळ आहे. बार फारच कमी पडला तर गोळी नळीतच अडकते. आवाज थोडा दबका येतो, माणसाच्या लक्षात येत नाही, आणि पुढची गोळी मागून आदळते. नळी फुटते. म्हणजे सुरक्षितता ही वरच्या आणि खालच्या अशा दोन कडांच्या मधली वाट आहे. दोन्ही कडा कुणीतरी मोजून, लिहून ठेवल्या असतील तरच ती दिसते.

काडतुसात काय आहे, हे कळण्याचा हक्क

ओतीव शिशाच्या गोळीला वंगण लागते, नाहीतर शिसे नळीला चिकटत जाते. आज ते बहुधा मधमाश्यांच्या मेणाचे असते. एकोणिसाव्या शतकात त्यात जनावराची चरबी असे. हे वाचताना आपल्याला १८५७ आठवल्याशिवाय राहत नाही.

एनफिल्ड रायफलचे कागदी काडतूस दातांनी तोडायचे असे. त्याच्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही चर्चा जानेवारी १८५७ मध्ये त्याच दमदममध्ये सुरू झाली. महिनाअखेरीस सरकारने हुकूम काढला की काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी हवे ते वंगण स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने तोडायची पद्धतही आली. पण विश्वास गेला होता. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसाला हात लावला नाही. त्यांत हिंदू होते आणि मुसलमानही. १८५७ ची कारणे अनेक आहेत. जमिनी, संस्थाने, पगार, अपमान. पण ठिणगी पडली ती एका साध्या प्रश्नावर. हे कुणी भरले आणि आत काय आहे? कंपनी सरकारकडे वेळेवर दिलेले, विश्वास बसेल असे उत्तर नव्हते.

मेरठचा शिपाई आणि अमेरिकेतला हौशी नेमबाज यांच्यात काही साम्य नाही. एकाला काडतूस लादले गेले होते, दुसरा ते आवडीने भरतो. तरीही दोघांपुढचे काडतूस बंद असते. बाहेरून पाहून आतले कळत नाही. ज्याने भरले त्याच्या प्रामाणिकपणावर आणि त्याने केलेल्या नोंदीवर वापरणाऱ्याचा जीव, किंवा ईमान, टांगलेले असते. काडतूस भरणे ही एक अमानत आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

मग उरलेल्या गोळ्यांचे काय?

शंभर वर्षांच्या या अनुभवातून जे नियम पक्के झाले ते साधे आहेत. गोळीचे वजन डब्यावरून घेऊ नये, काट्यावर घ्यावे. एकीचे नाही, अनेकींचे. व्यास मोजावा. धातू मऊ आहे की कठीण ते पाहावे. मग रिव्हॉल्व्हर कोणत्या सालचे आणि कोणत्या बनावटीचे, ते जाणकाराकडून तपासून घ्यावे. त्यानंतर प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या पुस्तिकेत तेच वजन, तोच आकार, तीच दारू आणि त्याच दर्जाचे शस्त्र सापडले तर तिथल्या सगळ्यात कमी प्रमाणापासून सुरुवात करावी. सापडले नाही तर दोन नोंदींच्या मधला आकडा स्वतः काढू नये. मित्राने सांगितलेले, कुठेतरी वाचलेले, किंवा मयताच्या डायरीतले प्रमाण हे प्रमाण नव्हे. ते त्या माणसाच्या रिव्हॉल्व्हरचे आत्मवृत्त आहे. आणि आधीच भरलेली, चिठ्ठी नसलेली काडतुसे असतील तर ती वापरायचीच नाहीत.

पण एवढा खटाटोप करायची गरज नसते, कारण शिशाच्या बाबतीत एक सोय आहे. गोळी नकोशी झाली तर ती पुन्हा वितळते. ज्या वजनाचा साचा आपल्या रिव्हॉल्व्हरला मानवतो, त्यात तेच शिसे ओतता येते. काही वाया जात नाही. गोळ्या फेकायच्या नाहीत, मोडायच्या. मामेभावाला मी हेच कळवले. त्याच्या मित्राला ते फारसे आवडले नाही. तयार गोळ्या मोडणे म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर पाणी ओतणे, असे त्याला वाटले. ही भावना समजण्यासारखी आहे. आपल्याकडेही मयताची वस्तू मोडवत नाही. पण ज्या माणसाने साचा आणि शिसे घेऊन आयुष्यभर काम केले, त्याला स्वतःलाही बिघडलेली गोळी भांड्यात परत टाकण्यात काही गैर वाटले नसते. ओतणारे रोज तेच करतात.

जे कायदा पाळून आणि पुस्तिका उघडून हा छंद करतात, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट चिठ्ठीची. डबा बंद करण्याआधी त्यावर गोळीचे वजन, दारूचे नाव, प्रमाण, तारीख आणि कोणत्या रिव्हॉल्व्हरसाठी भरले, हे लिहून ठेवायला दोन मिनिटे लागतात. चिठ्ठी स्वतःसाठी नसते, आपल्याला तर सगळे आठवत असते. तो डबा पुढे उघडणारा माणूस बहुधा दुसराच कुणी असेल, आणि त्याला विचारायला आपण तिथे नसू.